शिकंज्यातली वही

पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचं चाक आवळलेलं दिसलं आणि थोरला तिकडे धावला.

काल संध्याकाळी दुकानातून निघताना शिकंजा मोकळा होता. मोकळाच असायला हवा होता. आत्याची वही बांधून त्यानं टेबलावर ठेवली होती, वर नुसतं सुती फडकं टाकून, आणि बायकोला तीनतीनदा बजावलं होतं की हिच्यावर चहाचा कपसुद्धा टेकवायचा नाही. आता टेबलावर फडकं होतं, चौघडी घातलेलं. वही नव्हती.

त्यानं चाक उलटं फिरवलं. तीन पुरे फेरे. दोन फळ्यांमधून वही निघाली ती कशी देखणी! कडा सरळ, कणा ताठ, पानं एकमेकांना चिकटून बसलेली. साठ वर्षं या दुकानातून पुस्तकं अशीच बाहेर पडत आली. बांधलेलं पुस्तक रात्रभर दाबाखाली राहिलंच पाहिजे, हे वडिलांनी, अण्णांनी, पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. पण हे पुस्तक डोळ्यांनी वाचायचं नव्हतं. थोरल्यानं पहिलं पान खिडकीपाशी तिरकं धरलं. जिथं कागद दाण्यादाण्यानं वर आलेला असायचा, तिथं आता नुसते पुसट डाग होते.

"अगं ए!" त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली आणि लगेच आवाज खाली आणला, कारण वर अण्णा होते. "जरा खाली ये. आत्ताच ये."

त्याची बायको, घरची सून, आली ती चर्चच्या कपड्यांतच, एका हातात कांदा, दुसऱ्या हातात सुरी. वही बघून तिनं सुरी टेबलावर ठेवली, मग कांदा ठेवला, मग स्वतः स्टुलावर बसली. चौदा महिने रोज दुपारी तिनं आजेसासूची जुनी हस्तलिखित वही एकेक शब्द करत मोठ्यानं वाचली होती, आणि समोर बसून आत्यानं पाटी-टोचणी घेऊन जाड कागदावर एकेक ठिपका उठवला होता. आत्याची दृष्टी नवव्या वर्षी तापात गेलेली, त्यामुळे ब्रेल तिच्या बोटांत मुरलेलं. तीनशे चाळीस पानं तिनं टोचली. सगळी एका भावासाठी, म्हणजे अण्णांसाठी.

"तुम्ही?" सून शेवटी म्हणाली.

"मी? मला काय वेड लागलंय? पानापानाला पट्टी लावून बांधलंय, कण्यात फट ठेवलीय, ठिपक्यावर ठिपका बसू नये म्हणून. आणि मीच दाबीन?"

"हाताला सवय असते हो. परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवलात."

"चष्म्याचं वेगळं!"

मग तो आठवून पाहू लागला. काल गायनाच्या सरावाला जायची घाई होती. दिवा मालवलेला आठवत होता, दाराला कुलूप घातलेलं आठवत होतं. मधलं काही आठवेना. पंचवीस वर्षं पुस्तक बांधलं की शिकंज्यात घालायचं, हेच हात करत आलेले. ते काय दर वेळी मालकाला विचारून करतात?

"मीच असेन," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की सुनेला आपण बोललो याचं वाईट वाटलं.

तेवढ्यात दुकानाचं दार ढकलून नर्स आत आली. ही अण्णांची धाकटी लेक. घरात तिला सगळे नर्सच म्हणायचे. आधी कौतुकानं म्हणायचे, दोन वर्षांपासून कौतुक गळलं होतं. पहाटेची ड्यूटी उरकून ती तशीच आली होती, पायात अजून हॉस्पिटलचे पांढरे बूट. तिनं दोघांची तोंडं पाहिली, वही पाहिली, बोटानं चाचपली.

"अरे देवा. बारा वाजता ना?"

"बारा वाजता," सून म्हणाली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

बारा वाजता काय होणार होतं हे या घरात सांगायची गरज नव्हती. सहा महिने त्याचाच घोर होता. घराची रीत अशी, की प्रत्येकाची मागण्यांची एक वही. रविवारी प्रार्थना झाली की ज्यानं त्यानं देवाकडे जे मागितलं ते एका ओळीत लिहायचं आणि शेजारी समास मोकळा सोडायचा. मागणं पुरं झालं की समासात त्या दिवसाची तारीख. एकाची वही दुसऱ्यानं वाचायची नाही, आणि माणूस गेलं की त्याची वही कपाटात बंद. अण्णांच्या वहीत पन्नास वर्षांच्या तारखा होत्या. शेवटची ओळ होती 'डोळे', आणि तिचा समास कोरा. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि होतं तेवढंही दिसेनासं झालं. त्या दिवसापासून अण्णा ना चर्चला गेले, ना घरातल्या प्रार्थनेला बसले. सगळे हात जोडायचे तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे. पाळक समजावायला आले, त्यांनाही म्हणाले, "सांगणं पुष्कळ झालं साहेब. माझे कान दुखतात."

मग आत्यानं घराची रीत मोडून हट्ट धरला. सांगत नाही, पण आईची वही तू स्वतःच्या बोटांनी वाच. अण्णांनी तिच्याकडून लाकडी फळीवर ठोकलेल्या खिळ्यांवर अक्षरं शिकली, रोज कुरकुरत. आणि शब्द दिला: वही बांधून झाली की रविवारी जेवायच्या आधी एक पान वाचीन. त्यात काही सापडलं तर तुमच्यात बसेन. नाही सापडलं तर पुन्हा मला या घरात कोणी प्रार्थनेला बस म्हणायचं नाही.

अण्णांनी शब्द मोडलेला कोणी पाहिला नव्हता. भीती त्याचीच होती.

"पुढच्या रविवारी म्हणून सांगू," थोरला म्हणाला. "खळ वाळली नाही म्हणू."

"आणि पुढच्या रविवारी काय, ठिपके उगवणारेत?" नर्स म्हणाली. "दादा, जे झालंय ते सरळ सांग."

"तू मला सरळ बोलायला शिकवतेस? तू?" थोरल्याचा आवाज चढला. "अण्णा ऑपरेशनला नको म्हणत होते. नक्की दिसेल, नक्की दिसेल, असा कोणी घोशा लावला होता? तुझ्या त्या 'नक्की'नं बसवलंय त्यांना गॅलरीत!"

"अहो, हळू," सून म्हणाली.

"का हळू? दोन वर्षं हळूच बोलतोय."

नर्सनं ओठ दाबले. डॉक्टरांनी तिला दहात चार जणांनाच दिसतं म्हणून सांगितलं होतं. तिनं घरी येऊन अण्णांना दहात दहा सांगितले, कारण त्यांनी धीर सोडू नये. आणि मग ते चार की दहा हे तिनं कुणाला सांगितलंच नाही. दादा बोलत होता त्यातलं निम्मं तिला मान्य होतं, म्हणूनच जास्त झोंबत होतं.

"मी चुकले असेन," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते, पुन्हा तेच करू नकोस."

"कोणी काय करू नये?" दारातून आवाज आला.

आत्या. चर्चमधल्या बायकांशी गप्पा मारून, काठी टेकत, आपल्या आपण आलेली. चौसष्ट वर्षांची, किडकिडीत, आणि जीभ अशी की पाळकसुद्धा जपून बोलत. "सगळे खाली जमलात म्हणजे वर काहीतरी लपवायचंय. काय झालं?"

मग सुनेनं तिचा हात धरून वहीवर ठेवला.

आत्याची बोटं पानावरून डावीकडून उजवीकडे गेली. परत गेली. तिनं पान उलटलं, दुसरं चाचपलं, मग एकदम मधलं, मग शेवटचं. तोंडावरची रेघ हलली नाही. फक्त श्वास मोठा झाला.

"शिकंज्यात?"

"आत्या, मी," थोरला म्हणाला. "सवयीनं. आठवत नाही मला, पण मीच असणार."

आत्यानं हात उचलला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप असलेला थोरला पुढे झाला आणि त्यानं तिच्या हाताशी आपला कान नेला. तिनं तो धरला, पण पिळला नाही.

"मला खूप राग आलाय," ती म्हणाली. "इतका, की आत्ता मी बोलले तर तुम्हाला जन्मभर पुरेल. म्हणून बोलत नाही. सूनबाई, आईची मूळ वही कपाटातून काढ आणि पिशवीत घे. ही पण घे. वर चला."

"वर जाऊन काय सांगायचं?"

"ते मलाही कळलं नाहीये अजून. पण भाऊ वाट बघतोय."

•

वर अण्णा तयार होते. नर्स त्यांना पाहून दारातच थांबली. दाढी स्वतःची स्वतः केलेली, हनुवटीवर एक बारीकसा कापलेला डाग, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. दोन वर्षं हा माणूस खुर्चीत पडल्यासारखा बसायचा. आज पाठ सरळ होती, आणि बोटं टेबलाच्या कडेवर ताल धरत होती.

"आलात? सूपचा वास येतोय, पण वाढायचं नाही हं. आधी काम." अण्णा हसले. "आणि हे रबरी पाऊल नर्सचं."

"हो अण्णा."

"बस."

तेवढंच. दोन वर्षं तेवढंच असायचं. ती टेबलाच्या टोकाला बसली. आत्या अण्णांच्या शेजारी, थोरला समोर, सून वही पोटाशी धरून उभी. थोरल्यानं घसा खाकरला. आता तो खळीचं सांगणार, हे नर्सला दिसत होतं. तिनं ठरवलं, तो खोटं बोलला तर आपण मध्ये पडायचं, मग पुढे काय व्हायचं ते होवो.

पण अण्णाच आधी बोलले.

"थोरल्या, एक सांगतो, रागावू नकोस. बांधणी झकास केलीस. दोरा घट्ट, कणा नीट. पण लेका, दाबायला विसरलास!"

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं.

"अण्णा, तुम्ही..."

"काल तुम्ही सगळे गाण्याच्या सरावाला गेलात ना, मी खाली उतरलो. एकटा. अठरा पायऱ्या, एक चुकली नाही. म्हटलं, बघू तरी पोरानं कसं बांधलंय. हात लावला, तर वही ही एवढी फुगलेली, पावासारखी! म्हटलं, आपल्या दुकानातून असं पुस्तक बाहेर पडलं तर लोक तोंडात शेण घालतील. उघडली नाही हं. शब्द म्हणजे शब्द, रविवारच्या आधी एक पान उघडायचं नाही. तशीच फळ्यांमध्ये धरली, शिकंज्यात घातली आणि दिले तीन फेरे." अण्णांनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. "काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे हात अजून माझे आहेत. परत वर आलो आणि झोप लागली, कित्येक दिवसांनी."

नर्सनं थोरल्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, आपण केलं नाही याची, आणि पाठोपाठ त्या सुटकेची लाज. सुनेचे डोळे भरले. खाली एकमेकांवर धावून गेलेले तिघं आता एकाच बाजूला येऊन उभे होते, आणि त्या बाजूला एकच शब्द होता: सांगायचं नाही.

"खरंच विसरलो अण्णा," थोरला म्हणाला. "बरं झालं तुम्ही बघितलंत."

नर्स मध्ये पडणार होती. तिनं तोंड उघडलंही. पण अण्णांचे ते वर केलेले तळवे बघून तिचीही जीभ उचलली नाही.

•

आत्याला कोणाचे चेहरे दिसत नव्हते, पण ही शांतता तिच्या ओळखीची होती. लहानपणी ती खोलीत आली की मोठी माणसं अशीच गप्प व्हायची.

तिचा राग अजून तसाच होता. फक्त आता तो कुठं ठेवायचा हे कळेना. भावानं चौदा महिन्यांची माती केली होती, आणि तेच काम करून तो दोन वर्षांत पहिल्यांदा सुखानं झोपला होता. आता कोणत्या तोंडानं बोलावं?

"आण," अण्णा म्हणाले. "कुठंय वही?"

सुनेनं ती त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, कडा तपासली, समाधानानं हुंकार दिला. मग पहिलं पान उघडलं आणि उजव्या हाताचं बोट टेकवलं, शिकवलं होतं तसं, हलक्या हातानं.

बोट गेलं. परत आलं. आणखी खाली गेलं.

"इथून सुरुवात आहे ना?"

"हो," आत्या म्हणाली.

"काही लागत नाही."

त्यांनी दुसरं बोट लावलं. मग डावा हात. आत्याला कागदावरची खसखस ऐकू येत होती, आधी सावकाश, मग भराभर, मग ती थांबली.

"खिळ्यांवर लागत होतं," अण्णा म्हणाले. आवाजातला सगळा ताठा गेला होता. "कागदावर लागत नाही. पन्नास वर्षं खळ नि सुई. बोटं मेलीत माझी. डोळे गेले, आता हेही." त्यांनी वही पुढे सरकवली. "झालं. शब्द दिला होता, पाळला. काही सापडलं नाही. आता यापुढे मला कोणी बस म्हणू नका."

खुर्ची मागे सरकली. ते गॅलरीकडे निघाले होते.

"अण्णा, थांबा, तुमची बोटं चांगली आहेत," थोरला घाईनं म्हणाला. "आत्याची टोचणी बोथट झाली होती. ठिपके नीट उठलेच नाहीत. हो ना आत्या?"

बिचाऱ्यानं आत्याला पळवाट काढून दिली होती. एक 'हो' म्हटलं की काम भागलं असतं. तिचं काम वाईट ठरलं असतं, एवढंच. त्याची तिला फिकीर नव्हती. पण मग भाऊ हातावर विश्वास ठेवून पुन्हा खाली उतरेल, पुन्हा काहीतरी दाबेल, आणि सगळे पुन्हा 'वा अण्णा' म्हणतील. आंधळ्याभोवती माणसं असं मऊ खोटं रचत जातात आणि एक दिवस तो त्यात एकटाच उरतो. तिला हे कोणी सांगायला नको होतं. ती पंचावन्न वर्षं त्यातून वाट काढत आली होती.

"माझी टोचणी बोथट नव्हती," ती म्हणाली. "भाऊ, बस. तुझी बोटं जिवंत आहेत. ठिपके कागदावर उभे राहतात, दाबले की मरतात. पट्ट्या लावून वही फुगवली होती ती त्यासाठीच. तू दाबलंस म्हणून गेले."

•

अण्णांना आधी शब्द समजले आणि मग त्यांचा अर्थ.

"सगळे?"

"सगळे."

"चौदा महिन्यांचे?"

"हो."

"आणि मघापासून तुम्हाला माहीत होतं. मी हात नाचवून दाखवत होतो आणि तुम्ही बघत बसलात."

"अण्णा..." थोरला म्हणाला.

"गप्प बस! लहान पोर आहे मी?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली, सूपचे वाडगे खणाणले. मग ते हसले, आणि ते हसणं ऐकून सून एक पाऊल मागे सरली. "वा! काय तुझा देव, चिमे. आंधळीनं काम करायचं आणि ते आंधळ्याच्या हातून मोडून घ्यायचं. त्याला दुसरं कोणी मिळालं नाही? जगात एवढे हात आहेत, माझेच मिळाले? डोळे मागितले, दिले नाहीत. ठीक. वाचायला बसलो, तर तेही माझ्याच हातानं पुसवून घेतलं!"

"ओरड," आत्या म्हणाली. "त्याला ऐकू येतं."

"मला नाही वाटत."

"मग ओरडतोस कोणावर?"

अण्णा उभेच राहिले. गॅलरी सात पावलांवर होती. दोन वर्षांत त्यांना ती पाठ झाली होती. पण आज पाय उचलेना. दुसऱ्याचं काम आपल्या हातून बिघडलं की बिघडवणाऱ्यानं उठून जायचं नसतं. दुकानात त्यांनीच घातलेला दंडक होता हा. एकदा पान उलटं शिवलं म्हणून त्यांनी थोरल्याला गिऱ्हाइकासमोर बसवून सगळा दोरा उसवायला लावला होता.

"त्या पानावर काय होतं?" ते शेवटी म्हणाले. "मी मोडलंय, म्हणजे मला ऐकावं लागेल. वाच सूनबाई."

सुनेनं पिशवीतून जुनी वही काढली. अण्णांनी पुठ्ठ्याच्या आवाजावरून ती ओळखली. पोरसवदा होते तेव्हा आईसाठी त्यांनीच बांधलेली. जगाची पुस्तकं बांधली, पण ही कधी उघडली नव्हती.

सून वाचू लागली. तारीख, आणि पुढे: लेकीचे डोळे. पुढच्या रविवारची तारीख: लेकीचे डोळे. त्याच्या पुढची: लेकीचे डोळे. मध्ये एखादी ओळ कोणाच्या खोकल्याची, कोणाच्या परीक्षेची, त्यांच्या समासात तारखा. पण डोळ्यांच्या पुढे समास कोरा.

"असं किती?"

"अकरा वर्षं," सून म्हणाली. "मी मोजलेत अण्णा. साडेपाचशेच्या वर रविवार."

अण्णांनी एकदा मागितलं होतं. दिवसरात्र मागितलं होतं, पण वहीत लिहिलं होतं एकदाच. आई त्यांना आठवली ती हसतमुख, चर्चमध्ये मोठ्यानं गाणारी. हिच्या पोटात अकरा वर्षं हे होतं?

"हे वाचायला दिलं असतंस मला?" ते बहिणीला म्हणाले. "साडेपाचशे वेळा नाही म्हटलेलं? यातून काय सापडणार होतं?"

"अकराव्या वर्षाचं वाच," आत्या म्हणाली.

सुनेनं पानं उलटली. "तारीख आहे, आणि पुढे असं लिहिलंय... 'आज डोळे मागितले नाहीत. थकले. एवढंच म्हटलं, आमच्याजवळ राहा.'"

"आणि समास?" हे नर्सनं विचारलं. तिनं ही वही कधी पाहिली नव्हती.

"समासात तारीख आहे," सून म्हणाली. "त्याच दिवसाची."

सुनेनं वही उघडीच टेबलावर ठेवली.

"मी वीस वर्षांची होते," आत्या म्हणाली. "त्या रविवारी आई स्वयंपाकघरात आली आणि माझ्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली. रोज माझ्याजवळ बसली की तिचा श्वास अडकायचा, मला कळायचं ती रडतेय. त्या दिवशी श्वास मोकळा होता. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, आज आपण तिघं आहोत. मी म्हटलं, तिसरं कोण? तर म्हणाली, सोल मुकाट्यानं." आत्याचा आवाज पहिल्यांदा थरथरला. "भाऊ, मला डोळे हवे होते. अजून हवेत, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून घरात कोणी माझ्याकडे बघून रडलं नाही, आणि मला जगावंसं वाटायला लागलं. हे मी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, झालं हिचं प्रवचन सुरू."

"म्हटलं असतं."

"प्रभूनंही मागितलं होतं ना, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, त्या बागेत, घाम गाळत? हा प्याला नको म्हणून? आपल्या घरातला असता तर त्याचाही समास कोराच राहिला असता."

"तिसऱ्या दिवशी तो उठला ना..." थोरला म्हणाला.

"तिसऱ्या दिवशी हो! पण शुक्रवारी त्याच्या आईला कोणी सांगितलं होतं का, की बाई, रविवार येतोय? शनिवार तिला तसाच काढावा लागला. आपला शनिवार जरा लांबलाय, एवढंच."

नर्स उठली. रबरी पावलं अण्णांपर्यंत आली आणि थांबली.

"अण्णा, मला एक सांगायचंय. आज नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही. डॉक्टर दहात चार म्हणाले होते. मी तुम्हाला नक्की म्हटलं."

"माहीत होतं," अण्णा म्हणाले.

"काय?"

"दाराबाहेर बोलत होतात तुम्ही. डोळे अधू होते, कान नव्हते. मी चारवर गेलो ऑपरेशनला, दहावर नाही."

"मग दोन वर्षं माझ्याशी..." तिला पुढे बोलवेना. "दादा मला घालूनपाडून बोलायचा आणि तुम्ही ऐकून घेत होता!"

अण्णांनी खुर्ची चाचपली. आता त्यांना बसावंच लागलं. हे त्यांनी स्वतःशीही कधी बोलून पाहिलं नव्हतं.

"तुझ्यावर रागावणं सोपं होतं," ते म्हणाले. "तू रोज येत होतीस. कितीही टाकून बोललो तरी उद्या येणारच, हे ठाऊक होतं. देवावर रागावलो असतो आणि तो खरंच निघून गेला असता, तर मग मी काय केलं असतं?"

थोरला मान खाली घालून बसला होता. तो बहिणीला काहीतरी म्हणाला, इतक्या हळू की फक्त अण्णांनी ऐकलं. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्या दोघांचं होतं.

"चिमे," अण्णा म्हणाले, "उद्या पाटी नि टोचणी घेऊन ये. जाड कागद मी खालून काढून ठेवतो. पहिल्या पानापासून. सूनबाई वाचेल, तू शिकव, मी टोचीन."

"तुला चौदा महिने पुरायचे नाहीत. तुझा हात जड आहे."

"लागू देत किती लागतात ते. ज्यानं उसवलं त्यानंच शिवायचं."

सूपवर साय धरली होती. सून सवयीनं पळी उचलायला गेली आणि मग थांबली, कारण जेवायच्या आधीची प्रार्थना राहिली होती, आणि ती म्हणायची वेळ आली की खुर्ची सरकायची, पावलं गॅलरीकडे जायची. सगळे त्या आवाजाची वाट बघत होते. थोरल्यानं हात जोडले, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"थांब," अण्णा म्हणाले. "मी म्हणतो."

त्यांनी हात जोडले नाहीत. ते टेबलावर तसेच पालथे पडले होते.

"मी तुझ्यावर रागावलोय," ते म्हणाले. "यांना वाटतं माझा विश्वास उडाला. उडाला असता तर एवढा राग आला नसता. डोळे मला अजून हवेत आणि मी ते मागत राहणार, तुला कंटाळा आला तरी. काल तू माझ्या हातानं बहिणीचं काम मोडलंस, की मीच मोडलं, मला कळत नाही. पण अठरा पायऱ्या उतरताना मला एकट्याला भीती वाटली नव्हती. का वाटली नव्हती, हे मी आत्ता विचार करतोय." ते थांबले. "तू असशील तर जाऊ नकोस. मी पण इथंच आहे."

आत्यानं आमेन म्हटलं, सून म्हणाली, थोरला म्हणाला. नर्सच्या तोंडून आवाजच निघेना. ती हुंदका दाबत उभी होती.

अण्णा थांबले. मग त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला.

"म्हण पोरी," ते म्हणाले. "सगळे तुझ्यासाठी थांबलोत."